नावाखालच्या दोन ओळी

दिवाळी अंकातला लेख संपला की खाली बारीक टायपात लेखकाची ओळख असते. लेखक अमुक खात्यात अधिकारी आहेत, लेखिका व्यवसायाने डॉक्टर आहेत, अशा दोन ओळी. बहुतेक वाचक त्या ओलांडून पुढचा लेख उघडतात. मी लहानपणापासून आधी त्या ओळी वाचत आलो. मी पुढे जे काही थोडंफार लिहिलं त्याची सुरुवात तिथे झाली. ज्यांचं देणं मी लागतो, ती माणसंही मला पहिल्यांदा तिथेच भेटली. पोटासाठी दुसरंच काही करणारी आणि त्या कामातूनच लिहिती झालेली माणसं.

माझं गाव उरण तालुक्यातलं, खाडीच्या काठचं. बाबा मिठागरावर कामाला होते. आई तिथेच डोक्यावरून मीठ वाहायची. घरात पुस्तक असं नव्हतंच. गावच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक मात्र घरी न्यायला मिळायचे. लेखक म्हणजे पुण्या-मुंबईत राहणारे, कॉलेजात शिकवणारे लोक, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरात 'पाणी' नव्हतं, 'पानी' होतं. शाळेत वाचायला उभा राहिलो की तो एक शब्द येईपर्यंत मला धडकी भरायची. ज्याला पाणी नीट म्हणता येत नाही त्याने काय लिहायचं, असं मला मनापासून वाटायचं.

ते पहिल्यांदा हललं ते गुरुजींनी दिलेल्या एका पुस्तकामुळे. 'माझा प्रवास', विष्णुभट गोडसे यांचं. पुस्तक हातात देताना गुरुजी एवढंच म्हणाले, "हा माणूस आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचा. भिक्षुकी करायचा." वरसई मला माहीत होतं. आमच्या एका आत्याचं सासर त्याच बाजूला होतं. तिथला एक कर्जबाजारी घरातला भटजी, मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, या आशेने १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेला निघतो आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडतो. झाशीच्या किल्ल्यात तो होता. शहर लुटलं गेलं तेव्हाही होता. परत आला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

शाळेत झाशीचा धडा आम्हाला होता. त्यात तलवारी होत्या. गोडसे भटजींच्या पुस्तकात तलवारींच्या बरोबरीने दक्षिणा आहे, अनुष्ठानं आहेत, कुठे जेवायला काय मिळालं ते आहे, वेढ्यात पाण्याचे कसे हाल झाले ते आहे, आणि ग्रंथालय लुटलं गेल्याचं दुःख आहे. पोथीवर पोट असलेल्या माणसाला ग्रंथालयाची लूट दिसली, हे मला फार नंतर उमगलं. तेव्हा इतकंच कळलं की हा माणूस इतिहास लिहायला गेला नव्हता. तो आपल्या कामाला गेला होता आणि काम करता करता त्याने डोळे उघडे ठेवले. पुढे चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्याकडून हे सगळं लिहून घेतलं आणि १९०७ साली छापलं. वैद्यही पेशाने लेखक नव्हते, ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते. त्यांनी छापताना बरेच फेरफार केले होते. मूळ बाड दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली जसंच्या तसं आणलं. एका भिक्षुकाने लिहायचं, एका न्यायाधीशाने ते वाचकांपर्यंत न्यायचं आणि एका संशोधकाने पुन्हा मूळ रूप शोधून द्यायचं, इतक्या हातांतून ते पुस्तक माझ्यासारख्या आगरातल्या पोरापर्यंत आलं.

गुरुजींना पुस्तक परत करताना मी म्हणालो, सर, त्यांना एवढं सगळं कसं आठवलं? ते म्हणाले, "भटजी होते म्हणून. तुझ्या वडिलांना मिठातलं किती आठवत असेल, विचारून बघ." मी विचारलं नाही. आपल्या बाबांना विचारण्यासारखं काही असतं, हेच मुळी त्या वयात डोक्यात शिरत नव्हतं.

मग मधली वर्षं लिहिण्यावाचण्याची नव्हतीच. जमिनी प्रकल्पांसाठी जात होत्या. १९८४ च्या जानेवारीत जासई, दास्तान फाटा, नवघर फाटा या पट्ट्यात आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि आमच्या पिढीतली बरीच मुलं आगराऐवजी यार्डात कामाला लागली. मी एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क झालो. कंटेनर आत आला की त्याचा नंबर वाचायचा : चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा एक पडताळ्याचा आकडा. सील शाबूत आहे का ते बघायचं, सीलचा नंबर लिहायचा, पत्रा कुठे चेपलाय, दाराचं रबर फाटलंय का, सगळं नोंदवायचं. शेवटचा आकडा आधीच्या दहांच्या गणिताशी जुळला नाही तर समजायचं, वाचण्यात चूक झाली, पुन्हा जाऊन बघ. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर काही लिहायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. मला ती निव्वळ नोकरी वाटत होती. लिहिण्याची तालीम त्यातच चालू होती, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

ते मला त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'ने सांगितलं. पुस्तक १९१५ सालचं. आत्रे महसूल खात्यातले. महसुलाचा माणूस गावात येतो तो सारा, वतनं, हक्क, देणीघेणी बघायला. आत्र्यांनी तीच नजर कागदपत्रांपुरती न ठेवता सगळ्या गावावर फिरवली. कुणब्याने कुणाला किती द्यायचं, बलुतेदाराने त्याबद्दल काय करायचं, दुकानदार मध्ये किती खातो, बाजारात गरिबाचा पैसा कसा झिरपून जातो, हे त्यांनी पानोपानी मांडलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं आगर उभं राहिलं. बाबा तिथे कष्ट करतात एवढंच मला माहीत होतं. तिथेही कुणाचा वाटा किती, उचल कशी, माप कुणाच्या हातात, याची एक पक्की घडी असणार, आणि ती घडी कुणीतरी लिहून ठेवली नाही तर आगराबरोबरच बुजून जाणार, हे त्या पुस्तकाने दाखवलं. नारायण गोविंद चापेकरांचं 'बदलापूर' त्याच सुमाराला वाचलं. चापेकर न्यायखात्यातून निवृत्त होऊन बदलापूरला राहिले आणि एका गावावर एवढा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. साक्षीपुरावा तपासण्यात हयात गेलेल्या माणसाने घर, धंदा, चालीरीत असं एकेक तपासून घ्यावं, तसं ते पुस्तक आहे.

आत्र्यांविषयी एक गोष्ट मात्र मला बोलायलाच हवी, कारण त्यांचं ऋण मानतो म्हणून ती गिळून टाकणं बरोबर होणार नाही. गावोगाव फिरणाऱ्या फिरस्त्यांविषयी ते लिहितात तेव्हा लेखणी सरकारी अंमलदाराची होते. त्या माणसांच्या पोटात शिरून ते बघत नाहीत, बंदोबस्ताच्या बाजूने बघतात. व्यवसाय लेखकाला नजर देतो आणि त्याच हाताने झापडही लावतो, हे मला त्या प्रकरणात दिसलं. गोडसे भटजींचंही तसंच. त्यांना दक्षिणा देणारे हात स्पष्ट दिसतात, नांगर धरणारे फारसे दिसत नाहीत. म्हणून आजही कुणाचं माहितीपर पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघतो, हा माणूस पोटासाठी काय करत होता. त्यावरून त्याला काय जवळून दिसलं असेल याचा अंदाज येतो, आणि काय सुटलं असेल याचाही.

पुढे मी कस्टम्स क्लिअरिंगच्या एका कचेरीत आलो. बिल ऑफ एन्ट्री, पॅकिंग लिस्ट, शुल्काचे आकडे. दिवसभर कागद. अशा कामात माणसाचं मन बोथट होतं असं तेव्हा वाटायचं. त्या दिवसांत विष्णुबुवा ब्रह्मचारी वाचायला मिळाले. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरवलीचे. मूळचे विष्णु भिकाजी गोखले. संन्यस्त वृत्तीने बाहेर पडण्याआधी त्यांनी जकात खात्यात नोकरी केली होती. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालणारा आणि १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिणारा माणूस कधीकाळी मालावरची जकात घेत होता. त्या निबंधात त्यांनी सगळी जमीन सगळ्यांची असावी, पिकेल ते गावाच्या कोठारात जावं आणि प्रत्येकाने गरजेप्रमाणे न्यावं, अशी मांडणी केली. मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड छापला गेला तोही १८६७ सालीच. दुसऱ्याचा माल मोजता मोजता हा सगळा माल शेवटी कुणाचा, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल का? पुरावा माझ्याकडे नाही. पण मोजणीच्या कामात तो प्रश्न येतो, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. त्या कचेरीतली पुढची वर्षं मला जड गेली नाहीत, हे उपकार विष्णुबुवांचे.

तरीही मी लिहीत नव्हतो. लिहायचं ठरवलं की लेखणीतून दुसऱ्याच कुणाची तरी भाषा उतरायची. माझा हात खऱ्या अर्थाने धरला तो डॉ. अनिल अवचटांनी. त्यांना मी कधी भेटलो नाही. ओतूरचे, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झालेले. बिहारच्या दुष्काळी भागात गेले आणि १९६९ साली 'पूर्णिया' लिहिलं. दवाखान्यात ते फार काळ रमले नाहीत. पण मला नेहमी वाटत आलं की त्यांच्यातला डॉक्टर कधी गेला नाही. हमालाशी बोलोत की निपाणीच्या तंबाखू कामगार बाईशी, त्यांचे प्रश्न रोग्याला विचारल्यासारखे असतात. कधीपासून करता? किती तास? मजुरी किती? काय दुखतं? रात्री झोप लागते का? प्रश्न साधे, आवाज चढलेला नाही, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी. त्यांची 'माणसं' वाचून संपवली त्या रविवारी मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. आगर बंद होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, बाबा, पाणी तयार झालं हे तुम्हाला कसं कळायचं?

बाबा आधी नुसतेच बघत राहिले. मग हळूहळू बोलायला लागले. पाऊस सरला की पहिलं काम बांधांचं. पावसाने खचलेला बांध चिखलाने पुन्हा धरायचा. मग वाफ्यांचा तळ तुडवायचा. ओल्या चिखलात रांगेने उभं राहून पायांनी तो दाबत जायचं, वाळला की पुन्हा ओला करून पुन्हा तुडवायचं, इतकं की तळ फरशीसारखा घट्ट झाला पाहिजे. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते आणि माल काळपट पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथून ते उन्हात आटत आटत, टप्प्याटप्प्याने लहान वाफ्यांकडे आणायचं. हे सांगताना ते अंगणात बोटाने रेघा ओढत होते, आणि कुठल्या बाजूला उतार द्यायचा ते तळवा तिरका करून दाखवत होते. मी विचारलं, घाईने सगळं पाणी एकदम सोडलं तर?

"पानी घाई करत नाय पोरा," बाबा म्हणाले. "मानूस घाई करतं. पानी जाडं झालं का त्याला तांबूस झाक येतं. बोट बुडवलं का बोटाला धरतं. तवा समजाचं, आता दाना पडंल."

दाणा पडायला लागला की पहाटे उन्हाच्या आधी आगरात जायचं. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ कडेला ओढायचं, तळ न खरवडता. तळ खरवडला की सगळी मेहनत फुकट. दुपारी पांढऱ्या ढिगांवरून येणारी तिरीप डोळ्यांत घुसायची, म्हणून डोळे अर्धे मिटून काम करायची सवय. अवकाळी पाऊस आला तर एका रात्रीत ढीग वितळायचे.

आई भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "आनि ढिगापातूर कोन वाहाचं, ता पन सांग त्याला." मग ती बोलली. ओलं मीठ कोरड्यापेक्षा किती जड, टोपलीतून निथळणारं खारं पाणी मानेवरून पाठीत कसं उतरतं, पायाच्या भेगांत ते गेलं की काय होतं, बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर परत गेली. बाबा गप्प बसून ऐकत होते. मी वहीत लिहीत गेलो, टॅली शीट भरतो तसं. ऐकलं तेवढंच, मधे स्वतःचं काही न घालता.

लेखही तसाच झाला. एका दिवाळी अंकाने तो घेतला. छापायच्या आधी संपादकांचा फोन आला, लेखकाची ओळख दोन ओळींत पाठवा. लेख लिहायला लागला नव्हता इतका वेळ त्या दोन ओळींना लागला. मनात सगळे येऊन उभे राहिले : वरसईचे भिक्षुक, महसूल खात्यातले आत्रे, जकात खात्यातले विष्णुबुवा, डॉक्टर अवचट. त्यांच्या पंगतीत बसायची माझी योग्यता नाही, हे मला कळत होतं. पण त्यांनी कुणी आपलं काम लपवलं नव्हतं. मी लिहिलं, आईवडील मिठागरात कामाला होते, लेखक उरणला कस्टम्स क्लिअरिंगच्या कचेरीत नोकरी करतो. अंक आला तेव्हा आमच्या धाकटीने त्या ओळी आईबाबांना वाचून दाखवल्या.

त्यानंतरचं देणं मारुती चितमपल्लींचं आहे. वनखात्यात त्यांनी साडेतीन दशकं काढली. आमच्या शेजारच्या कर्नाळा अभयारण्यापासून नागझिरा, नवेगाव बांध, मेळघाटापर्यंत त्यांच्या कामाच्या खुणा आहेत. खात्याची नोकरी म्हणून अनेकजण त्या जंगलांत राहिले असतील. चितमपल्लींनी तिथल्या माणसांकडून पाखरांची नावं, झाडांची नावं, सवयी, समजुती रोजच्या रोज टिपून ठेवल्या आणि पुढे 'पक्षीकोश' उभा केला. मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटली ती एक सवय. आपल्याला कुणी काय शिकवलं ते ते नावानिशी सांगतात. नवेगावच्या माधवराव पाटलांचा उल्लेख ते गुरूचा करावा तसा करतात. वनाधिकारी खुर्चीवर आणि सांगणारा जमिनीवर, असं त्यांच्या पानावर कुठे दिसत नाही. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरला ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. ती बातमी वाचली त्या आठवड्यात मी आगरातल्या शब्दांची वही नव्याने लिहायला घेतली. प्रत्येक शब्दापुढे तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव आणि गाव. बाबांच्या नावावर सगळ्यात जास्त शब्द आहेत. आईच्या नावावर टोपलीचे, चुंबळीचे आणि दुखण्यांचे. बाबा आता नाहीत. आई आहे, आणि मधूनच एखादा शब्द आठवला की हाक मारते.

आम्ही काहीजण मिळून तालुक्याचा एक छोटा वार्षिक अंक काढतो. त्यात लिहायला आम्ही लेखक शोधत नाही, कामं शोधतो. गेल्या खेपेला मोरा ते भाऊचा धक्का लाँचवर तांडेल असलेल्या काकांनी पावसाळ्यातल्या फेऱ्यांवर लिहिलं. आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरने रात्रपाळीवर लिहिलं. दोघांनीही आधी हेच म्हटलं की आम्ही कुठले लेखक. मी त्यांना गोडसे भटजींचं पुस्तक दिलं, आणि सिस्टरना अवचटांचंही. अटल सेतू झाला, लोकल उरणपर्यंत आली, लाँचच्या फेऱ्यांचं पुढे काय होईल ते बघायचं. पण भरतीला मोऱ्याच्या जेटीला लाँच कशी लावायची, हे त्या काकांच्या हातचं आता कागदावर आलेलं आहे.

यंदा बंदरातल्या क्रेनवर काम करणाऱ्या एका मुलाने लेख द्यायचं कबूल केलंय. एवढ्या उंचावरच्या केबिनमधून, पायाखालच्या काचेतून खाली बघत, कंटेनरचे चार कोपरे अचूक कसे धरायचे, वारा वाढला की हात कसा आखडायचा, जेवणाची सुटी होईपर्यंत मान कशी भरून येते, असं त्याने पहिल्या चार पानांत लिहिलंय. वाचून मी त्याला एकच विचारलं, मान दुखते ती नेमकी कुठे आणि कधीपासून. ते तो पुढच्या भागात लिहितो म्हणालाय. ओळखीच्या दोन ओळी मात्र त्याने आधीच पाठवल्या आहेत.